मैत्री जुनी, मुलं लहान, मुलूख परका

नवख्या सहप्रवाशाला आपण सरळ सांगतो, की मूल दमलंय, आम्ही आता परत फिरतो. कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला तेच सांगायला मात्र जीभ रेटत नाही. तिचा विरस होईल, इतके पैसे भरलेत, पुन्हा सगळे कधी जमणार, असं म्हणत आपण गप्प बसतो. लहान मुलांना घेऊन जुन्या मित्रमंडळींबरोबर परदेशी जाणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास या भिडेचा होतो. स्वित्झर्लंडला आम्ही तीन कुटुंबांनी तो पुरेपूर अनुभवला, म्हणून हे लिहिते आहे.

इंटरलाकेनला आम्ही सगळ्यांसाठी एकच मोठं घर भाड्याने घेतलं होतं. दोन घरची पोरंबाळं, तिसऱ्या घरचे नवराबायको दोघंच. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पुण्यात सकाळी सातला उठणारं मूल तिथे पहाटे साडेतीनला टक्क जागं होतं आणि संध्याकाळी साडेपाचला मांडीवर पेंगायला लागतं. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो रात्री नवानंतर. त्यामुळे मोठ्यांना तळ्याकाठी रेंगाळावंसं वाटायचं, तेव्हा मुलं झोपेला आलेली असायची. मोठी मंडळी उशिरा अंथरुणाला पाठ टेकायची, तोच मुलांचा दिवस सुरू व्हायचा. मैत्रिणीच्या डोळ्यांत अपुरी झोप दिसत होती, पण ती काही बोलत नव्हती. आम्ही मुलांना दटावत राहिलो.

खरी कसोटी लागली ती युंगफ्राउयोखला. इंटरलाकेनची उंची जवळपास पुण्याइतकीच, म्हणजे साधारण ५६० मीटर. तिथून निघालेला प्रवासी दोनेक तासांत ३,४५४ मीटरवर पोचतो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. मोठ्यांचं डोकं जड झालं तर ते तसं सांगतात. दोन वर्षांच्या मुलीला ते सांगता येत नाही. मैत्रिणीची धाकटी आधी किरकिर करू लागली, मग तिला उलटी झाली, मग ती खांद्यावर मलूल पडून राहिली. तिची आई मात्र आम्हाला सांगत होती, "होईल बरी, तुम्ही बर्फात जाऊन या." शेवटी सोबतचा मित्र उठला. "वहिनी, पुढच्या गाडीने आपण खाली जातोय," एवढंच म्हणून त्याने बॅग उचलली. ग्रिंडेलवाल्ड येईपर्यंत पोरगी दूध मागू लागली होती. उंचीचा त्रास झाला, की खाली उतरणं हाच खात्रीचा उपाय असतो. वाट बघण्यात धोका वाढतो.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो. त्या बोलण्यातून जे निघालं, ते तुम्हाला घरून निघण्याआधीच ठरवता येईल.

राहण्यासाठी एकच घर घेऊ नका. एकाच इमारतीत वेगवेगळे फ्लॅट घ्या. रात्री दहानंतर आवाज होऊ नये, याबाबत तिथले शेजारीही काटेकोर असतात. दिवसातून एक जेवण आणि एक फेरफटका सगळ्यांनी मिळून करा, बाकी वेळ प्रत्येक घराने आपल्या मर्जीने काढावा.

उंच ठिकाणी तान्ह्या किंवा अगदी लहान मुलांना न्यायचं की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारा. गेलातच, तर कुणाचं मूल घेऊन कोण उतरणार हे गाडीत बसण्यापूर्वी पक्कं करा. १,३२२ मीटरवरचं हार्डर कुल्म किंवा ब्रिएंझ तळ्यातली बोट यांतही मुलांना तेवढाच आनंद मिळतो. लांबच्या मार्गांवरच्या काही दुमजली इंटरसिटी गाड्यांत तर वरच्या मजल्यावर घसरगुंडी असलेला मुलांचा डबाही असतो.

रेल्वेचे नियम नीट वाचा. सहा वर्षांखालच्या मुलाला सोबतच्या मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही. सहा ते पंधरा वर्षांची मुलं स्विस फॅमिली कार्डावर फुकट जातात, पण सोबत आई किंवा वडील असले तरच. काका-मावशीबरोबर पाठवायचं असेल, तर मुलांचं तिकीट वेगळं पाहावं लागतं.

व्हिसाचा निर्णय प्रत्येक अर्जावर स्वतंत्र होतो, मुलांच्याही. एका घराचा व्हिसा लांबला, तर सामायिक बुकिंगचं नुकसान कुणी सोसायचं हे आधी लिहून ठेवा. शक्य तिथे बुकिंग प्रत्येकाच्या नावावर आणि रद्द करता येण्याजोगं असावं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. विमा कंपनीचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा १४४ हा नंबर सगळ्या मोठ्यांच्या फोनमध्ये हवा. तापाचं औषध मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरूनच न्या. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी मिळतात. आजीने प्रेमाने दिलेलं तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा. भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीला तेवढी ठरावीक प्रमाणात सूट आहे.

पैशांचा हिशेब रोज रात्री करा. एकाच्या कार्डावर सगळा खर्च टाकून "घरी गेल्यावर बघू" म्हणू नका. मुलांचा वाटा पूर्ण धरायचा की अर्धा, मूल नसलेल्यांनी मोठ्या टॅक्सीचा भार उचलायचा का, हे प्रश्न क्षुल्लक दिसतात, पण मनं दुखावतात ती इथेच.

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. तिकिटं काढण्याआधी एक संध्याकाळ सगळे समोरासमोर बसा. झोप, पैसा आणि मुलांची प्रकृती या तीन गोष्टींवर स्पष्ट बोला. ज्याला जे जमणार नाही, ते त्याने तिथेच सांगावं आणि बाकीच्यांनी ते मनाला लावून घेऊ नये. त्यानंतरच पैसे भरा.