‘कोंडुरा’तील गूढ आणि दायित्वाचा प्रश्न

मराठीतील गूढ कादंबरी स्थूलमानाने दोन वाटांनी जाताना दिसते. एका वाटेवर गूढाचा शेवटी उलगडा होतो व भुताआडचा माणूस सापडतो. दुसऱ्या वाटेवर अतिमानवी शक्ती खरीच असते आणि तिचे निवारण करावे लागते. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या ‘समर्थ’कथा या वाटेवरच्या होत. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०-१९७६) यांची ‘कोंडुरा’ (१९६६) ही कादंबरी मात्र या दोहोंपैकी कोणत्याही वाटेने जात नाही. तिचे हे वेगळेपण तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोकणातील एका गावात परशुराम या सामान्य गृहस्थाला समुद्रकाठी सिद्ध पुरुषाचे दर्शन घडते. त्याच्याकडून गर्भपात घडविणारी मुळी मिळते. मोबदल्यात ब्रह्मचर्य पाळण्याची अट येते. पुढे देवीचा साक्षात्कार होतो आणि गावाची श्रद्धा परशुरामाभोवती एकवटू लागते. हे दर्शन सत्य की त्याच्या अंतर्मनाचा खेळ, याचा निवाडा खानोलकर देत नाहीत. श्याम बेनेगल यांनी या कादंबरीवर १९७८ मध्ये हिंदीत ‘कोंडुरा’ व तेलुगूत ‘अनुग्रहम्’ हे चित्रपट केले. तेथेही हा प्रश्न पुरता मिटत नाही.

या अनिर्णयाकडे केवळ वातावरणनिर्मितीचे साधन म्हणून पाहणे अपुरे ठरेल. दर्शन खरे मानले काय किंवा भ्रम मानला काय, त्याची किंमत कोणी मोजली, हे बदलत नाही. ब्रह्मचर्याची अट परशुराम स्वीकारतो. संसार मात्र त्याच्या पत्नीचाही मोडतो. मुळीची शक्ती पुरुषाच्या हाती येते. तिचा परिणाम स्त्रीच्या देहावर होतो. या व्यवहारात त्या स्त्रियांची संमती कोणी विचारीत नाही. कादंबरीतील खरे भय येथे आहे.

पाथरीसारख्या गावातील वाचकाला समुद्र परका वाटेल. परंतु नवस, अंगारा, अंगात येणे आणि देवऋषी परके नाहीत. त्यामुळे ‘ही कादंबरी अंधश्रद्धेला खतपाणी घालते काय?’ हा प्रश्न तेथील वर्गात उपस्थित होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाल्यानंतर तर तो अधिकच टोकदार झाला आहे. कायदा चमत्काराच्या नावाने होणाऱ्या शोषणाला हात घालतो; ते शोषण करणाऱ्याला स्वतःलाच आपण निमित्तमात्र वाटत असतो, ही गुंतागुंत कादंबरी दाखविते.

तात्पर्य, ‘कोंडुरा’ चमत्काराची बाजू घेत नाही व त्याचा पंचनामाही करीत नाही. दैवी आज्ञेच्या आधारे केलेल्या कृतीचे दायित्व अखेर माणसावरच येते, हे ती सूचित करते. गूढ न उकलताही कादंबरी नैतिकदृष्ट्या स्पष्ट राहू शकते, याचा हा महत्त्वाचा पुरावा होय.