इंग्रजी शिकवावी कोणी?

प्रवेशाच्या दिवसांत पालक एक प्रश्न हमखास विचारतात: इंग्रजीच्या शिक्षकांचा उच्चार साहेबासारखा आहे काय? प्रश्नामागील तळमळ रास्त आहे. परंतु त्यातील समजूत तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेच तिचे आदर्श शिक्षक, ही कल्पना केवळ आपल्याकडची नव्हे. १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेतही ती गृहीत धरली गेली. १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने तिला भ्रम ठरविले. भाषा बोलता येणे निराळे आणि ती शिकविता येणे निराळे. दुसरे कौशल्य प्रशिक्षणानेच येते.

महाराष्ट्राने याचा पडताळा फार आधी घेतला होता. जानेवारी १८८० मध्ये चिपळूणकर-टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. तेथे इंग्रजी शिकविणारे मराठीभाषकच होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. परमपूज्य बाबासाहेबांची मातृभाषा मराठी; तरी १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र इंग्रजीतून शिकविले, आणि संविधान सभेतील त्यांची इंग्रजी भाषणे आजही अभ्यासली जातात.

मराठीभाषक शिक्षकाचे बळ वर्गात दिसते. विद्यार्थी 'आय हॅड गॉन टू नाशिक यस्टर्डे' असे म्हणतो. इंग्रज शिक्षक 'आय वेंट' अशी दुरुस्ती करील. पण त्या चुकीमागे 'मी काल गेलो होतो' हे मराठी वाक्य उभे आहे, हे आपला शिक्षक ओळखतो. 'तो कोठे आहे, मला माहीत नाही' या रचनेतूनच 'व्हेअर इज ही, आय डोन्ट नो' हे वाक्य येते. मराठीत 'अ' व 'द' ही उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात. ज्याने ही वाट स्वतः तुडविली, त्याला खड्डे ठाऊक असतात.

तथापि मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. बोलण्यातील लय, वाक्प्रचारांची सहजता, 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांतील ध्वनिभेद जन्मभाषकाकडून अधिक नैसर्गिकपणे ऐकावयास मिळतात. त्यासाठी ध्वनिमुद्रणांचा उपयोग अवश्य करावा. ज्या शिक्षकाचे स्वतःचे वाचन थांबले आहे, त्याला मातृभाषेची सबब पुरणार नाही.

म्हणून पालकांनी उच्चाराऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: मूल वर्गात स्वतः बोलते का? पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वाचते का? चुकल्यावर त्याला हसतात, की कारण समजावतात?

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी महिन्यातून एक तास वसतिगृहात येऊन मुलांशी इंग्रजीत बोलावे. द्राक्षबागेत राबणाऱ्या आईबापांच्या मुलाला परक्या उच्चाराहून आपल्यातल्याच माणसाची अस्खलित इंग्रजी अधिक धीर देईल. कारण तेथवर आपणही पोहोचू शकतो, हे त्याला डोळ्यांसमोर दिसेल.