या आठवड्याचा पाठ : श्रद्धा शेवटच्या गोळीपर्यंत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏



चार-पाच वर्षांचं लेकरू. ताप उतरत नाही, चेहरा पांढरा पडतो, अंगावर निळसर डाग दिसतात, पाय दुखतात म्हणून सारखं "उचलून घे" म्हणतं. रक्त तपासलं जातं, मग बोन मॅरोची तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात, "ल्युकेमिया आहे." म्हणजे रक्ताचा कॅन्सर. आपल्यापैकी कुणाच्याही घरी ही वेळ येऊ शकते. मग नातेवाईक आणि गुरुबंधू विचारायला लागतात : कुणाची नजर लागली? कुठलं कर्म आड आलं? कुठला पाठ करायचा? आज याचाच शांतपणे विचार करू या.

*१) हे कुणाच्या पापाचं फळ नव्हे*

आपल्या हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. तिथल्या एखाद्या पेशीत बिघाड होतो आणि कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. म्हणून अशक्तपणा, ताप आणि डाग. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि त्यातही 'एएलएल' हा प्रकार जास्त. बहुतेक मुलांत त्याचं नेमकं कारण सापडत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आईनं गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, कुलाचार कुठे चुकला, हे शोधत बसू नये. "तुमची साधना कमी पडली" हे वाक्य तर साधकाच्या तोंडून निघूच नये. आधीच पोळलेल्या आईला ते जन्मभर बोचतं.

*२) खरी परीक्षा पहिल्या महिन्यानंतर*

हा मुद्दा घरातल्या प्रत्येकानं समजून घ्यावा. उपचाराच्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत बहुतेक मुलांचा रिपोर्ट चांगला येतो. मूल खेळायला लागतं. इथेच कुणीतरी म्हणतं, "महाराजांची कृपा झाली, आता कशाला त्या सुया? गावाकडचं औषध देऊ."

थांबा! निदानाच्या वेळी शरीरात सुमारे १ लाख कोटी कॅन्सरच्या पेशी असू शकतात. रिपोर्ट चांगला आला तरी सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या कोट्यवधी पेशी शिल्लक असू शकतात. म्हणून उपचार साधारण २ ते ३ वर्षं चालतो. मध्येच सोडला तर आजार परत येतो, आणि परत आलेला आजार जास्त चिवट असतो.

हे शिकायला जगाला किंमत मोजावी लागली. १९४७-४८ मध्ये बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी 'अमिनोप्टेरिन' हे औषध आजारी मुलांना दिलं. ते तयार केलं होतं अमेरिकेत काम करणारे आपले आंध्रचे शास्त्रज्ञ डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं. मुलं बरी दिसू लागली, पण काही महिन्यांतच आजार उलटला. एक औषध, थोडे दिवस, एवढ्यानं भागत नाही हे कळलं. पुढे अनेक औषधं एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत आली. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत एएलएल झालेल्या १० मुलांपैकी जवळजवळ ९ मुलं वाचतात.

आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं 'विन्क्रिस्टिन' याच उपचारात वापरतात. पण म्हणून सदाफुलीचा रस घरी पाजू नका, तो विषारी ठरू शकतो. औषध म्हणजे शुद्ध केलेलं, वजनानुसार मोजून दिलेलं.

*३) घरात पाळायच्या गोष्टी*

🔸 ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त झाला की रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला कळवा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका.
🔸 तीर्थ, न उकळलेलं दूध घातलेलं पंचामृत, उघडा प्रसाद देऊ नका. अंगारा तोंडात घालू नका. नमस्कार पुरतो.
🔸 काही गोळ्या रोज असतात, 'मेथोट्रेक्सेट'ची गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच. वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं.
🔸 स्टेरॉइडच्या दिवसांत मूल खा-खा करतं, चिडतं. ते औषधामुळे आहे, रागावू नका.
🔸 भावंडांना खरं सांगा. "तुझ्यामुळे झालं नाही, आणि तो तुला लागणार नाही" हे त्यांना ऐकायचं असतं.

*४) आपली सेवा*

भेटायला गर्दी करू नका. सर्दी-खोकला किंवा घरात कांजिण्या असतील तर जाऊच नका. त्याऐवजी रक्त आणि प्लेटलेट द्या. प्लेटलेट साधारण ५ दिवसच टिकतात, म्हणून दाते पुन्हा पुन्हा लागतात. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, गोव्याहून मुंबईला टाटा मेमोरियलला जाणाऱ्या कुटुंबाला खोली, डबा, स्टेशनवर न्यायला माणूस हवा असतो. मागे राहिलेल्या मुलाची शाळा आणि आजीचं औषध बघा. पैशांअभावी उपचार थांबू देऊ नका. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मदत आहे. रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा. मुलाचा फोटो आणि रिपोर्ट ग्रुपमध्ये फिरवू नका.

*५) आणि तरीही...*

सगळं पाळूनही एखादं लेकरू राहत नाही. तेव्हा त्या घराची श्रद्धा कमी होती असं कुणी म्हणू नये. गुरूंनी आपल्याला हिशेब मागायला नाही, सोबत राहायला शिकवलं आहे. नामस्मरण हवंच. ते आई-बापाला रात्र काढायचं बळ देतं. पण नाम औषधाच्या जागी नाही, औषधासोबत. ठरलेल्या वारी गोळी देणं, भरल्या डोळ्यांनी पुन्हा त्याच वॉर्डात जाणं, हीसुद्धा साधनाच.

*घरी बसून बोलू या :*
१. कुणाच्या दुखण्यावर आपण कधी "कर्म" म्हणून बोट ठेवलं का? त्याऐवजी काय म्हणता आलं असतं?
२. आपल्या घरात रक्तदान कोण करू शकेल?
३. दोन-तीन वर्षं टिकेल अशी कुठली छोटी सेवा आपण घेऊ शकतो?

*संकल्प :* या आठवड्यात प्रत्येक केंद्रानं रक्तदात्यांची यादी रक्तगटासह करून ठेवावी.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏