हेमंतचर्या आणि दूषित वायू : एक पुनर्विचार

हेमंत ऋतूत शरीरबल उत्तम असते व जाठराग्नी प्रदीप्त असतो. म्हणून वाग्भटाचार्यांनी शीतकालात अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे. या आधारावर आपण रुग्णांना थंडीत पहाटे फिरण्याचा सल्ला सर्रास देतो. वाढत्या शेतकी शहरात हा सल्ला आहे तसाच देता येईल काय, याचा विचार या लेखात आम्ही करीत आहोत.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश व काल या चार भावांच्या विकृतीने जनपदोद्ध्वंस होतो असे म्हटले आहे. तेथे विकृत वायूच्या लक्षणांत अतिस्तिमितता तसेच धूळ व धूर यांनी युक्त असणे यांचा उल्लेख आहे. श्वासाच्या हेतूंतही रज आणि धूम यांची गणना आहे.

मराठवाड्यातील जालना हे याचे जवळचे उदाहरण होय. कापूस, मोसंबी व बियाणे यांची ही बाजारपेठ पोलादाच्या कारखान्यांसाठीही ओळखली जाते. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यातील शहरांत जालन्याचाही समावेश आहे. तेथे वर्षा ऋतूत पावसाने हवा धुतली जाते. ग्रीष्मात धूळ उडते. परंतु तापलेली हवा वर जात असल्याने धूर एका जागी साचत नाही. हेमंत-शिशिरात मात्र स्थिती पालटते. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची गार व जड हवा खाली राहते आणि वरच्या उबदार थराचे जणू झाकण बसते. त्याच काळात जिनिंगची धूळ, जाळलेल्या पऱ्हाट्या व कचरा, शेकोट्या, वाहने व कारखाने यांचा धूर या झाकणाखाली कोंडतो. ऊन वर येईपर्यंत तो विरत नाही. म्हणजे पहाटेचा वायू शीत असला तरी शुद्ध असतोच असे नाही.

यात आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. हेमंतात रात्री दीर्घ असल्याने मनुष्य सकाळीच क्षुधित होतो, असे वाग्भट सांगतात. आणि क्षुधिताने केलेला व्यायाम प्राणवह स्रोतसाच्या दुष्टीचा हेतू आहे, असे चरक सांगतात. त्यात धूमयुक्त वायूची भर पडली की हेतू बलवान होतो. व्यायामात श्वास खोल व जलद होतो, हेही विसरता कामा नये.

अडीच मायक्रॉनपेक्षा सूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. भारतीय मानकानुसार (२००९) त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचविली. प्रतिमर्श नस्य दिनचर्येत अवश्य असावे; परंतु ते अशा कणांपासून संरक्षण देईल अशी ग्वाही रुग्णास देऊ नये.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. व्यायाम वर्ज्य करू नये, त्याची वेळ बदलावी. ऊन चांगले वर आल्यावर किंवा दुपारनंतर, सूर्यास्तापूर्वी तो करावा. हेमंतात आतपसेवन सांगितलेलेच आहे. धुरकट पहाटे प्राणायामही उघड्यावर करू नये.

२. कास-श्वासाच्या रुग्णास व्यवसाय, घराजवळील भट्टी वा जिनिंग, चूल आणि लक्षणे वाढण्याची वेळ हे प्रश्न विचारावेत.

३. ग्रंथोक्त अंगारतापाचा अर्थ बंद खोलीत शेगडी ठेवणे असा घेऊ नये. निखाऱ्यांतून धूर न दिसताही कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू निघतो.

४. दम्याच्या रुग्णाची चालू असलेली फवाऱ्याची औषधे परस्पर बंद करू नयेत. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात पाठवावे.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आहे. ऋतू ओळखताना त्या ऋतूतील त्या गावचा वायूही ओळखणे हे आज वैद्याचे कर्तव्य ठरते. पहाटे फिरावयास जाणाऱ्या श्वासरुग्णाची लक्षणे थंडीत का वाढतात, याचा शोध औषध बदलण्यापूर्वी त्याच्या फिरण्याच्या वेळेत घ्यावा, अशी वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे.