खतावणीत न सापडलेला धडा

लोकांना आधी आकडा हवा असतो, म्हणून तो सांगून टाकते. 60 हजार. 40 जूनमध्ये, 20 दिवाळीच्या आधी. दोन्ही वेळा रोख, दोन्ही वेळा पावती नाही. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. स्लिपवर सही राहिली तर खातेदाराला काउंटरवरून परत पाठवते. घरच्या पैशाच्या वेळी मात्र ‘सरांकडे पावती कशी मागायची’ म्हणून गप्प बसले. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

मुलगी तेव्हा बारावी सायन्सला. आमच्या बार्शीहून लातूर काही लांब नाही. तिच्या वर्गातल्या चौघी दहावीनंतरच तिकडे क्लाससाठी गेल्या. आम्ही नाही पाठवली. का, ते इथे उगाळत बसत नाही. ज्यांच्या घरी तरुण मुलगी आणि सासूबाई दोघी आहेत, त्यांना कळेल.

फिजिक्स-केमिस्ट्रीला एक क्लास लावला आणि बायोलॉजीसाठी खासगी सर बघायचं ठरलं. समोरच्या वहिनींनी नाव सुचवलं. त्यांचा भाचा याच सरांचा विद्यार्थी. चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा फोटो होता, खाली ‘एम.बी.बी.एस.’. आणखी काय बघायचं? पुढे कळलं की भाचा सरांकडे होता जेमतेम दोन महिने. मग लातूरला रिपीटर बॅचला बसला, तेव्हा कुठे नंबर लागला. वहिनींना हे सगळं माहीत होतं. त्या अजूनही माझ्याकडे विरजण मागायला येतात. मी देते.

सर एम.एस्सी. आवाज भारदस्त, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्याच हॉलमध्ये सहा पोरं, आठवड्यातून चार दिवस. ऑगस्टमध्ये मुलगी म्हणाली होती, “आई, सर त्यांच्या वहीतलं बोर्डावर लिहितात आणि आम्ही उतरवून घेतो. काही विचारलं की म्हणतात, आधी लिहून घे.” मी काय म्हणावं? “सरांना नावं ठेवायची नाहीत. वही किती सुंदर झालीय बघ.” पैशांचं दुःख कमी होईल कधीतरी. हे माझं बोलणं मात्र अजून टोचतं.

डिसेंबरमधल्या एका रविवारी तिनं घरी नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा, सराव पेपर सोडवला. नीटला 180 प्रश्न, त्यातले निम्मे, म्हणजे 90, बायोलॉजीचे. 720 पैकी 360 गुण या एका विषयाला. बरोबर उत्तराला 4, चुकलं की 1 वजा. तिचे बायोलॉजीतलेच 34 प्रश्न चुकलेले नाहीतर सोडलेले. ती पेपर पालथा ठेवून आत निघून गेली.

मी बी.कॉम.वाली बाई. बायोलॉजीतलं ओ की ठो कळत नाही. पण हिशोब जुळेना की काय करायचं ते मला वीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलंय. एकेक नोंद उचलायची आणि तिच्या खात्यावर टाकायची. तिला बाहेर बोलावलं. मी प्रश्न वाचायचा, तिनं तो कोणत्या धड्यातला ते सांगायचं आणि मी त्या धड्याच्या नावाखाली रेघ मारायची. अर्ध्या तासात खतावणी तयार झाली. 34 पैकी 19 रेघा तीनच खात्यांवर: आनुवंशिकता, आनुवंशिकतेच्या मॉलिक्युलर पायाचा धडा आणि बायोटेक्नॉलॉजी.

मग तिची वही घेतली. वहीत तारखा होत्या, कारण तारीख घालायची शिस्त माझीच. जूनपासूनची पानं उलटत गेले. वनस्पतींचं प्रजनन. प्राण्यांचं प्रजनन. आरोग्य आणि रोग. परिसंस्था. जैवविविधता. दिवाळीनंतर पुन्हा प्राण्यांचं प्रजनन, त्याच आकृत्या, त्याच रंगात. पुस्तकातला तिसरा धडा नाही. चौथा नाही. बारावा नाही. रेघा पडलेले तेच तीन.

“हे कधी झाले?”

“नाही झाले. सर म्हणतात, शेवटी घेऊ.”

“फेब्रुवारीत बोर्ड आहे. शेवटी म्हणजे कधी?”

ती काही बोलली नाही. पेनाचं टोपण लावत-काढत राहिली. मला कॅश मोजताना बंडलमध्ये नोट कमी लागली की जो घाम फुटतो, तो फुटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर सरांकडे गेले. हॉलमध्ये दुसऱ्या बॅचची मुलं आणि दोन पालक बसलेले. सरांनी बसा म्हटलं नाही. मी कागद पुढे केला. त्यांनी तो हातात न घेताच पाहिला आणि हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही बँकेत ना? मग हिशोब तुम्ही बघा, बायोलॉजी मी बघतो.”

मी म्हटलं, “हा हिशोबच आहे, सर.”

त्यावर त्या दोन पालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काही मुलांचा पाया कच्चा असतो. जेनेटिक्स तिला झेपणार नाही म्हणूनच मागे ठेवलंय.”

सहाच्या सहा मुलांना झेपणार नव्हतं का, हे विचारायला हवं होतं. ते मला सुचलं घरी कुकर लावताना. फीचा विषय काढला तर, “एकदा भरलेली फी कुठेच परत मिळत नाही,” आणि मोबाइल कानाला. आमचे हे म्हणाले, जाऊ दे, गाव लहान आहे. गाव लहान आहे म्हणूनच तर लिहितेय.

खरं कारण त्याच बॅचमधल्या एका मुलाच्या वडिलांनी सांगितलं. सर झूलॉजीचे. वनस्पतींचा भाग गाइडवरून चालायचा, आणि जेनेटिक्सची उदाहरणं सोडवायला गाइड पुरत नाही. तिथे प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

फी परत मिळवण्यासाठी कायद्याचा आधार शोधला, तेही सांगते. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेल्या मुलानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत द्यावी, असं त्यात म्हटलंय. ते वाचून मी सरांना फोन लावायला निघाले होते. मग व्याख्या वाचली: कोचिंग सेंटर म्हणजे जिथे 50 हून जास्त विद्यार्थी शिकतात ते. सरांच्या हॉलमध्ये सहा पोरं. फोन खाली ठेवला.

आता ज्यांची मुलं अकरावी-बारावीत आहेत त्यांच्यासाठी.

पहिला प्रश्न हाच विचारा की तुमचं एम.एस्सी. बॉटनीचं की झूलॉजीचं. ‘बायोलॉजीचे सर’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक जण दोन्हींपैकी एकाचेच असतात. त्यात वाईट काही नाही. दुसरी बाजू कशी सांभाळता, याचं उत्तर सरळ येतं का ते बघा.

चाचणीचा तास मागा, आणि धडा तुम्ही निवडा. पहिला नको, तिसरा. पहिल्या धड्यावर सगळेच छान बोलतात. तिसऱ्यातलं एखादं वंशवृक्षाचं उदाहरण मुलीकडून सोडवून घ्यायला सांगा. पेन कोणाच्या हातात आहे ते बघा. जानेवारीत आम्ही ज्या मॅडमकडे गेलो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “माझी बॉटनी. जेनेटिक्स मी पक्कं करून घेईन, पण मज्जासंस्था तिनं कॉलेजच्या सरांना विचारावी.” आणि एक प्रश्न टाकला: बाईचे वडील रंगांध, ती स्वतः ठीक, नवराही ठीक, तर मुलगे रंगांध असण्याची शक्यता किती? मुलगी अडली. मॅडम गप्प. तिनं चौकट आखली, खोडली, परत आखली. दहा मिनिटांनी म्हणाली, “निम्मी. आईकडून येतं हे.” मॅडमनी फक्त मान हलवली. वडिलांचं ते जनुक बाईकडे नक्की आलेलं असतं, ते अर्ध्या मुलग्यांना मिळू शकतं, हे मला, बी.कॉम.ला, दारात बसून कळलं. सहा महिन्यांत वहीत एवढं कधी उतरलं नव्हतं.

मराठीत सांगायला लावा. हे मी ठासून सांगते. आपली मुलं दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी, आणि अकरावीत एकदम सगळं इंग्रजी. ‘सेग्रिगेशन’ म्हणजे काय ते साध्या मराठीत सांगा म्हटलं की ज्याला कळलंय तो सांगतो: जोडीतले दोन घटक बीजपेशी तयार होताना वेगळे होतात, प्रत्येकीत एकच जातो. ज्याला कळलेलं नाही तो तीच इंग्रजी व्याख्या मोठ्या आवाजात म्हणतो.

परीक्षा कोणती ते आधी ठरवा. बोर्डाला लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30, तिथे आकृत्या आणि मुद्देसूद उत्तरं लागतात. नीटला एनसीईआरटीच्या ओळी पाठ लागतात आणि वजा गुणांची भीती असते. फार्मसी-शेतीच्या सीईटीत बायोलॉजीचे 100 प्रश्न, वजा गुण नाहीत. सरांना एवढंच विचारा: वनस्पती आणि पाण्याच्या संबंधाचा सहावा धडा नीटसाठी किती करायचा? वनस्पतींमधलं वहन आणि खनिज पोषण हे भाग 2024 पासून नीटला नाहीत, बोर्डाच्या पुस्तकात मात्र सहावा-सातवा धडा आहेच. ज्याला हे तोंडपाठ नाही, तो जुन्या नोट्सवर चालतोय असं समजा.

फी महिन्याची महिन्याला, आणि यूपीआयनं. वर्षाची एकदम भरली तर सवलत देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. कोणते धडे कोणत्या महिन्यात, हे एका कागदावर लिहून त्यावर सही घ्या. संकोच वाटेल. मला वाटला होता, त्याची किंमत वर दिलीय.

दर पंधरा दिवसांनी चुकांची खतावणी घाला. धड्याचं नाव, आणि पुढे तीन रकाने: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही. पहिला रकाना भरत असेल तर शिकवणाऱ्याकडे जा. बाकीच्या दोन्हींसाठी मुलीशी बोला, तेही जेवताना नको.

पदवी बघाच, पण तिच्यावर विसंबू नका. वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकता उलगडणारा मेंडेल 1850 साली शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत नापास झाला होता. हे मला मॅडमनी सांगितलं, त्या तेव्हा स्वतः सेटची, म्हणजे प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेची, तयारी करत होत्या.

बाकी नेहमीचंच. मुलांची झोप मोडू नका. मुलीला पाठवत असाल तर हॉलचं दार उघडं असतं का ते स्वतः जाऊन बघा. आणि मूल ‘सर नुसतं लिहून देतात’ म्हणालं, तर वहीचं कौतुक करू नका.

मुलीला बोर्डात बायोलॉजीला 91 पडले. नीटला बायोलॉजी तरली, फिजिक्सनं घात केला, आता बी.ए.एम.एस.ला आहे आणि खूश आहे. मॅडमना पेढे दिले, त्यांची दोन महिन्यांची फी कधीच पोचती झाली होती.

बोर्डाचा निकाल लागल्यावर चौथ्या दिवशी भाजी घेऊन येत होते. चौकात नवा फ्लेक्स. वरच्या रांगेत तिसरा फोटो माझ्या मुलीचा, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, खाली ‘बायोलॉजी 91’. तिथूनच सरांना फोन लावला. म्हणाले, “आमचीच विद्यार्थिनी ना, मॅडम?”

मी फ्लेक्सचा फोटो काढून ठेवलाय. 60 हजारांची पावती म्हणून माझ्याकडे तेवढीच आहे.