रिकाम्या रकान्याची जागा कोणती?

नोंदींचा क्रम लावणे हे वरवर पाहता कारकुनी काम. ग्रंथालयातील तालिकापत्रे लावावीत, हजेरीपटावरील नावे लिहावीत, यात विचार करण्याजोगे काय आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु ज्या गोष्टीवरून क्रम लावावयाचा तीच एखाद्या पत्रावर लिहिलेली नसेल, तर ते पत्र कोठे ठेवावयाचे? हाताने काम करणारा ग्रंथपाल येथे क्षणभर थांबतो. संगणक थांबत नाही. तो ते पत्र कोठे तरी बसवून मोकळा होतो आणि आपल्याला ते कळतही नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मराठी संतकवींच्या एका लहानशा यादीच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम साधनांची ओळख करून घेऊ. मजकुराच्या प्रत्येक भागावर नावाची खूण लावण्याची जी पद्धत, ती एक्सएमएल. १९९८ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला प्रमाणरूप दिले. खुणांची नावे देवनागरीतही ठेवता येतात. म्हणून प्रत्येक संताची 'कवी' ही एक नोंद आणि तिच्या पोटात 'नाव' व 'जन्मवर्ष' हे दोन रकाने, अशी मांडणी सरळ मराठीत करता येते. या नोंदी निवडून, क्रमाने लावून नव्या रूपात मांडण्याचे नियम ज्या भाषेत लिहितात ती एक्सएसएलटी. तिची पहिली आवृत्ती १९९९ सालची. तिच्यातील 'सॉर्ट' ही आज्ञा क्रम लावते. कोणत्या रकान्यावरून, अक्षरे मानून की संख्या मानून, चढता की उतरता, एवढे तिला सांगावे लागते.

आता यादी पाहू. परंपरेने मानलेली जन्मवर्षे अशी : नामदेव १२७०, ज्ञानदेव १२७५, रामदास १६०८, बहिणाबाई १६२८. जनाबाई, चोखामेळा आणि सोयराबाई यांची जन्मवर्षे ज्ञात नाहीत. त्यांच्या नोंदीत तो रकानाच नाही. जन्मवर्षावरून चढता क्रम लावण्याची आज्ञा दिली की यादी अशी येते : जनाबाई, चोखामेळा, सोयराबाई, नामदेव, ज्ञानदेव, रामदास, बहिणाबाई.

असे का व्हावे? रकाना नसला की त्याचे मूल्य रिकामे धरले जाते, आणि अक्षरक्रमात रिकामे हे प्रत्येक शब्दाच्या आधी येते. संख्या मानून क्रम लावावा, तर रिकाम्यापासून संख्या निघत नाही. त्या जागी 'नॅन', म्हणजे 'संख्या नव्हे', असे मूल्य येते. हे मूल्य सर्व संख्यांच्या आधी धरावे, असा स्पष्ट नियम २००७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. उतरता क्रम मागितला की हीच तीन नावे तळाला जातात. म्हणजे यंत्राने आपला नियम चोख पाळला. परंतु छापील यादी वाचणाऱ्याची समजूत काय होईल? जनाबाई नामदेवांच्याही पूर्वीची! परंपरा तर तिला नामदेवांच्याच घरची दासी म्हणते.

यावर तीन मार्ग संभवतात. पहिला, ज्यांचे वर्ष नाही त्यांना यादीतून गाळणे. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट.

दुसरा मार्ग, त्यांना शेवटी स्वतंत्रपणे ठेवणे. यासाठी 'सॉर्ट'च्या दोन आज्ञा एकापुढे एक द्याव्यात. पहिलीने विचारावे, 'जन्मवर्ष ही संख्या नाही, हे खरे काय?' उत्तर 'फॉल्स' किंवा 'ट्रू' असे मिळते, आणि चढत्या क्रमात 'फॉल्स' आधी येते. त्यामुळे वर्ष असलेले पुढे, नसलेले मागे. दुसऱ्या आज्ञेने मग वर्षांचा क्रम लावावा. ही परीक्षा करण्याची युक्ती मोठी गमतीची आहे : 'नॅन' हे मूल्य स्वतःशीही समान ठरत नाही. जे स्वतःइतके नाही, ती संख्या नव्हे! रकाना मुळीच नसो किंवा असूनही कोरा असो, दोन्ही प्रसंगी ही परीक्षा उपयोगी पडते. रकाना आहे की नाही एवढेच पाहिले, तर कोरा रकाना मात्र निसटतो.

तिसरा मार्ग अभ्यासकाचा. नोंदीत 'अंदाज' नावाचा आणखी एक रकाना ठेवावा आणि वर्ष असेल तर वर्ष, नसेल तर अंदाज, यावरून क्रम लावावा. मग जनाबाई नामदेवांच्या शेजारी येईल. मात्र छापताना तिच्या नावापुढे 'अंदाजे' हा शब्द आलाच पाहिजे. नाही तर आजचा तर्क उद्याचा पुरावा होऊन बसतो.

मराठी लेखकाने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या भाषेला देवनागरी अंक संख्या म्हणून ओळखता येत नाहीत. '१६०८' असे लिहिले, तर रामदासांचे वर्षही अज्ञात ठरते आणि सारी यादी मूळच्याच क्रमाने बाहेर पडते. 'ट्रान्सलेट' या फलनाने देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालून मग क्रम लावावा. तसेच शक आणि इसवी सन यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ज्ञानेश्वरीचे शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०; ही चूक यंत्राला कधीच दिसणार नाही.

शेवटी मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या यादीत वर्षे कोणाची नाहीत? गावकुसाबाहेर राहिलेल्या चोखोबांची, त्यांच्या पत्नीची आणि एका दासीची. त्यांच्या जन्माची नोंद ठेवावी असे त्या काळी कोणाला वाटले नसावे. रिकामा रकाना हाही इतिहासाचा एक भाग आहे. त्याची जागा आपण ठरविली नाही, तर यंत्र ठरविते. म्हणून ती विचारपूर्वक ठरवावी आणि कशी ठरविली तेही यादीखाली लिहावे.