शाळेतील लस आणि उसातील नांग्या



ऊस विकास अधिकाऱ्याने लसीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मागे एका गटात शिवारफेरीला गेलो होतो. खताचे हप्ते सांगून झाले आणि एका सभासदाने विचारले, "साहेब, शाळेतून चिठ्ठी आलीय, पोराला इंजेक्शन द्यायचंय म्हणून. लहानपणी सगळी दिलीत की. परत कशाला?" प्रश्न रास्त आहे. हाच प्रश्न २०१८ साली आमच्या घरातही निघाला होता आणि त्या वेळी आम्ही चुकलो होतो, म्हणून हा लेख.

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील प्रत्येक मुलाला, आधीचे डोस झालेले असोत वा नसोत, एक डोस द्यावयाचा होता. सुरुवात शाळांपासून झाली. आमचा मुलगा तेव्हा तिसरीत. मोबाइलवर नाही नाही ते मजकूर फिरत होते. घरातली वडीलधारी म्हणाली, "ताप येतो म्हणे. कारखाना सुरू झालाय, तू दिवसभर फडात, पोराकडं बघणार कोण?" झाले, आम्ही त्या दिवशी पोराला घरी ठेवले. गावोगाव बेणेप्रक्रिया करा म्हणून सांगत हिंडणारे आम्ही!

आठ-दहा दिवसांनी आरोग्यसेविका राहिलेल्या मुलांची यादी घेऊन दारात आल्या. बाई शेतकऱ्याच्या घरातल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, लागणीचे सगळे डोळे उगवतात का हो? मग नांग्या का भरता?"

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

बेणे चांगले, जमीन चांगली, तरी शंभर टक्के उगवण कोणी पाहिली आहे? लसीचेही तसेच. गोवराचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्या वयात काही बाळांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती शिल्लक असते, ती लसीला काम करू देत नाही. त्यामुळे १०० बाळांपैकी साधारण ८५ जणांना लस लागू पडते, १५ जणांना नाही. उसातली नांगी बांधावरून दिसते; ही नांगी दिसत नाही. कोणते मूल त्या १५ मधले, हे नुसते बघून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस सगळ्यांनाच देतात. तोही ज्यांचा चुकतो ती मुले पुढे एका ठिकाणी हमखास सापडतात, ती शाळेत. परत कशाला, याचे उत्तर हे आहे.

आता कोणी म्हणेल, चार-दोन नांग्या राहिल्या तर काय बिघडते? २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा काय झाले ते जुन्या सभासदांना आठवत असेल. एका प्लॉटावरचा मावा बांध विचारून थांबला नाही. गोवर त्याहून वाईट. लस न घेतलेल्या वस्तीत एक रोगी १२ ते १८ जणांना रोग देतो. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच तो देऊ लागतो, म्हणजे नुसती सर्दी समजून आपण त्याला शाळेत पाठवलेले असते. तो वर्गातून उठून गेला तरी दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू राहू शकतो. असा रोग थोपवायचा तर १०० पैकी ९५ जण सुरक्षित हवेत. हिशेब करून पाहा. १०० पैकी ८५ मुलांनी एकच डोस घेतला, तर कागदावर ८५ दिसतात. पण त्या ८५ चे शेकडा ८५ म्हणजे खरे सुरक्षित ७२ च. बाकीच्या २८ मधून रोगाला वाट मोकळी.

आणि किंमत मोजतो कोण? बहुधा शाळेतले पोर आठवड्या-दोन आठवड्यांत उठते. पण घरी पाळण्यात सहा महिन्यांचे भावंड असते, त्याचे लसीचे वयच झालेले नसते. त्याला गोवरातून न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात. गोवर बरा झाल्यावरही काही महिने अंगाची इतर रोगांशी लढायची शक्ती कमी राहते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात आणि मालेगाव, भिवंडीला गोवर उसळला, त्यात बालके दगावली. रुबेलाचे तर आणखी निराळे. मुलाला बारीक ताप-पुरळ येऊन जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण घरात नुकते दिवस गेलेली सून असेल आणि तिला तो लागला, तर पोटातल्या बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष येऊ शकतो.

आता आपल्या घरचे बोलू. दर हंगामाला बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते ते उन्हाळा लागेपर्यंत. कोयत्याबरोबर पोरेही येतात, आणि दुसऱ्या डोसाचे महिने नेमके या मुक्कामात निघून जातात. गावच्या यादीत नाव असते पण मूल नसते; इथे मूल असते पण यादीत नाव नसते. ही मुले आपल्याच शिवारात कोपीत राहतात, काही आपल्याच शाळेत बसतात. ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण मुकादमाच्या मागे लागतो, पण लसीचे कार्ड कोणी विचारत नाही. आम्हीही कित्येक हंगाम विचारले नाही. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, मूल कोणत्या गावचे ते आड येत नाही. कार्ड हरवले असले तरी डोस मिळतो. आधी झालेला असून पुन्हा दिला गेला, तरी गोवर-रुबेलाच्या डोसाने अपाय होत नाही.

तापाचे खरे आहे. काही मुलांना गोवराच्या लसीनंतर आठवड्याभराने थोडा ताप येतो, क्वचित पुरळ दिसते, दोन-तीन दिवसांत ओसरते. लगेच येणारी तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते. म्हणून अर्धा तास मुलाला तिथेच बसवून ठेवतात आणि त्यावरचे औषध पथकाजवळ असते. मोठी मुले सुईच्या भीतीने चक्कर येऊन पडतात, एक पडला की बघून दुसराही पडतो. तेव्हा रिकाम्या पोटी पाठवू नका, भाकरी खाऊन जाऊ द्या. मूल तापाने फणफणले असेल किंवा आधीच्या लसीने त्रास झालेला असेल, तर तसे आधी सांगा.

पाचव्या-सहाव्या वर्षी घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वाताचा बूस्टर, आणि १० व १६ व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात व घटसर्प, हे डोस शाळेच्या वयात येतात. यातला धनुर्वात एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तिथे शेजाऱ्याच्या लसीचा उपयोग नाही. कोयता-विळ्याच्या घरात हा डोस चुकवू नये. घटसर्प मात्र लागतो.

आमच्या मुलाने त्या दिवशी ओट्यावर बसूनच लस घेतली. दुसऱ्या दिवशी दंड दुखतो म्हणून शाळा बुडवायला बघत होता, ती बुडू दिली नाही. या हंगामात टोळ्यांची नोंद घेताना कोयत्यांबरोबर पाच वर्षांखालील मुले किती, हेही लिहून घ्यावे आणि ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवावी, असे आमच्या शेती मदतनिसांना सांगितले आहे. ज्यांच्या शेतात किंवा वस्तीजवळ कोप्या पडतील, त्या सभासदांनी गट कार्यालयात कळवावे.